वाटप कोणाला, की किती काळ?

प्रशासनात कोणत्याही साधनाचे वाटप निघाले की पहिला प्रश्न मानाचा होतो. दालन कोणाला, मैदान कोणाला, आधी पाळी कोणाची? म्हणूनच अपोलो मोहिमांत प्रक्षेपणतळ कसे वाटले गेले, हा विषय मला प्रशासकाने अभ्यासण्याजोगा वाटतो.

फ्लोरिडातील केनेडी अंतराळ केंद्रात सॅटर्न-५ या महाकाय अग्निबाणासाठी ३९-ए आणि ३९-बी असे दोन तळ होते. अपोलो-८, ९ आणि ११ ही याने 'ए' तळावरून गेली; मधले अपोलो-१० तेवढे 'बी' तळावरून. कारण मानाचे नव्हते, वेळापत्रकाचे होते. १९६९ संपण्यापूर्वी माणूस चंद्रावर उतरवायचा, तर दर दोन-अडीच महिन्यांनी उड्डाण हवे. पण उड्डाणाच्या ज्वाळांनी होरपळलेला तळ दुरुस्त करावा लागे, आणि पुढचा अग्निबाण चाचण्यांसाठी त्यावर सुमारे दोन महिने उभा राही. एका तळावर हे गणित बसणे कठीण होते.

३ मार्च १९६९ रोजी अपोलो-९ 'ए' वरून उडाले. ते पृथ्वीभोवती फिरत असतानाच, ११ मार्चला, अपोलो-१० 'बी' वर येऊन उभे राहिले. १८ मे रोजी ते उडाले. ते चंद्राच्या वाटेवर असताना २० मे रोजी अपोलो-११ 'ए' वर पोचले. जोडणी वेगळ्या इमारतीत, फिरत्या चौथऱ्यावर होत असल्याने तळ त्या कामात अडकत नसे. अपोलो-११ नंतर उड्डाणांतील अंतर वाढले, आणि अपोलो-१२ ते १७ ही सर्व याने 'ए' वरूनच गेली. 'बी' मोकळा आहे म्हणून त्याला पाळी दिली गेली नाही.

जबलपूरला असताना गहू खरेदीच्या हंगामात मला या तत्त्वाची किंमत दिसली. एका खरेदी केंद्रावर (तिकडे त्याला उपार्जन केंद्र म्हणतात) ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत आली होती. आभाळ भरून आलेले, आणि शेतकरी रात्री ट्रॉलीखाली झोपत होते. बैठकीत चर्चा मात्र कोणत्या गावाचा क्रम आधी, याचीच! प्रत्यक्ष पाहिले तर वजनकाटे रिकामे होते. तोललेल्या पोत्यांची उचल न झाल्याने ओटा भरला होता; नवा गहू उतरवणार कुठे? आम्ही गावांचा क्रम तसाच ठेवला. शेजारची जागा घेऊन दोन ओटे केले. एकावर तोल सुरू असताना दुसऱ्यावरची उचल. चार दिवसांत रात्रीचा मुक्काम थांबला.

वाटपाची फाईल समोर आली की 'कोणाला' या रकान्याआधी आणखी दोन रकाने भरून घ्यावेत: साधन किती काळ गुंतणार, आणि पुन्हा मोकळे केव्हा होणार. मानापमानाचे निम्मे वाद तिथेच मिटतात, आणि रांगेतल्या माणसाची रात्र वाचते.