बैठक

आमची प्रीमियर पद्मिनी 1984 ची. दांडिया बाजारातल्या घरासमोर अण्णांनी ती आणून उभी केली तेव्हा मी महाविद्यालयात होतो. अण्णा कलाभवनात शिकवीत. सयाजीराव महाराजांनी 1890 साली स्थापलेली ही संस्था पुढे विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा झाली, तरी बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत तिचे नाव कलाभवनच राहिले. “यंत्राला दोष देण्यापूर्वी आपला हात तपासा,” हे अण्णांचे विद्यार्थ्यांना नेहमीचे सांगणे.

2003 साली गाडीची क्लच प्लेट बदलली आणि तेव्हापासून क्लच सोडताना गाडी थरथरू लागली. काम करणाऱ्याने, गाडी जुनी आणि चालवणारेही वयस्क, असे म्हणून हात झटकले. मीही एकदा बोलून गेलो, “अण्णा, आता तुमचा पाय स्थिर राहत नाही.” त्यांनी ते मुकाट्याने मानले. किल्ली खुंटीला लावली, ती पुन्हा काढली नाही. 2011 मध्ये ते गेले.

गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलाने गाडी पुन्हा चालती करायचे ठरवले. वाडीतल्या एका वृद्ध मिस्त्रीने काम घेतले. मी शेजारी स्टूल टाकून बसलो. गिअरबॉक्स आणि क्लच उतरवल्यावर फ्लायव्हील दिसले. क्रँकशाफ्टच्या टोकाला बोल्टांनी जखडलेले हे जड लोखंडी चाक. क्लच प्लेट याच्याच तोंडावर दाबली जाते. मिस्त्रीने डायल गेज लावून चाक हाताने फिरवले. प्रत्येक फेऱ्यात काटा एकाच जागी उडी मारी.

चाक फिरून त्याच स्थितीत बसावे म्हणून त्याने चाकावर आणि क्रँकशाफ्टवर पंचाने ठिपके उमटवले व मग बोल्ट सोडले. चाकामागे, जिथे धातूला धातू भिडायला हवा, तिथे गंजाची नि वाळल्या मळाची एक खपली चेपून बसली होती. जाडी कागदाएवढी. पण मध्याशी एवढा फरक असला की काठाशी तो वाढतो, आणि क्लच प्लेट सर्व बाजूंनी एकदम न भिडता एकीकडे आधी भिडते. थरथर तिथली होती.

मिस्त्रीने दोन्ही बैठका घासून, पुसून कोरड्या केल्या. ठिपके जुळवून चाक बसवले. बोल्ट आधी हातानेच लावले. मग समोरासमोरच्या जोड्या धरून टप्प्याटप्प्याने, शेवटी टॉर्क रेंचने ठरल्या मापाने आवळले. एकच बोल्ट आधी पुरता आवळला तर चाक तिकडे कलते, हे त्याने न विचारता सांगितले. पुन्हा गेज लावला. काटा जवळजवळ हललाच नाही. मगच मध्य साधून नवी क्लच प्लेट चढवली. चाकाच्या तोंडाला तेलाचे बोट लागू दिले नाही.

संध्याकाळी गाडी मी चालवली. माझेही वय आता अण्णांच्या तेव्हाच्या वयाकडे झुकले आहे. क्लच सोडला; गाडी शांतपणे निघाली. आपला हात तपासा म्हणणाऱ्या माणसाने आठ वर्षे आपल्याच पायाला दोष दिला, आणि आम्ही कोणी चाकामागे पाहिले नाही.

ती खपली मी मिस्त्रीकडून मागून घेतली. अण्णांच्या मेजाच्या खणात, त्यांच्या मोजपट्टीशेजारी ती ठेवली आहे.