खेळ चौदा आणे तयार होऊ द्या



तुमच्या घरात एखादा मुलगा किंवा मुलगी दिवसरात्र संगणकापुढे बसत असेल आणि विचारल्यावर "मी गेम तयार करतो आहे" असे सांगत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी कृषी विस्ताराच्या कामातला माणूस. कृषीची पदवी घेतली आणि पुढची सारी वर्षे मालवण किनाऱ्यावरच्या गावांतून भात, काजू आणि आंब्याच्या मागे हिंडण्यात गेली. याला खेळातले काय कळणार, असे तुम्ही म्हणाल. पण हल्ली असले प्रश्नही आमच्याकडे येतात, कारण ते फिरून फिरून शेवटी बागेपाशीच येतात.

गेल्या वर्षी एक बागायतदार भेटले. हापूसची चाळीस कलमे, थोडा काजू, घरापुरते भात. सोबत मुलगा होता. म्हणाले, "साहेबानू, हो माझो झील. पुण्याची नोकरी सोडून इलो. दोन वर्सां झाली, आकाशातलो खेळ करता. आता बाग करारान देवया म्हणता. माका त्यातला कायएक कळणा नाय. तुमीच काय ता सांगा."

मुलाने आपला बेत नीट सांगितला. खेळणारा माणूस एका लहानशा अवकाशयानाचा तांडेल. इंधन थोडे, ग्रह पुष्कळ. वाट चुकलेल्या यानांना शोधून सुखरूप परत आणायचे. सगळे काम त्याने एकट्याने केले होते. खेळ बांधायचे 'गोडो' आणि चित्रे घडवायचे 'ब्लेंडर' ही दोन्ही अवजारे संगणकावर फुकट मिळतात, त्यामुळे आतापर्यंत खर्च फक्त विजेचा आणि जेवणाचा. पण पुढे चित्रकाराला, संगीत देणाऱ्याला आणि जाहिरातीला पैसे हवे होते. बाग तीन वर्षांच्या कराराने देऊन एकरकमी पैसे घ्यायचे आणि दिवाळीत खेळ बाजारात आणायचा, असा त्याचा बेत होता.

आधी एक गैरसमज दूर करू. हा जुगार नव्हे. मोबाइलवर पैसे लावून खेळायचे जे खेळ घरे बुडवीत होते, त्यांच्यावर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली. हा मुलगा करतो तो खेळ पुस्तकासारखा किंवा सिनेमासारखा एकदा विकत घ्यायचा. त्यात पैसे लावणे नाही, की जिंकणे नाही. गणित, चित्रकला, पदार्थविज्ञान आणि गोष्ट सांगण्याची हातोटी, एवढे सगळे एका माणसाच्या अंगी असावे लागते. तेव्हा पोरगा रिकामटेकडा आहे, हे आधी मनातून काढून टाका.

आता मुख्य मुद्दा. खेळ बाजारात आणण्याला ते लोक 'रिलीज' म्हणतात. आपल्या शेतीखात्यात त्याला जुना शब्द आहे, वाण 'प्रसारित' करणे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून १९८१ साली 'रत्ना' आंबा प्रसारित झाला, तो नीलम आणि हापूस यांचा संकर. १९९२ साली 'सिंधू' आला, तो रत्ना आणि हापूस यांचा. संकर केला त्याच वर्षी रोपे वाटली असे काही झाले नाही. झाड वाढले, फळले, हंगामामागून हंगाम नोंदी झाल्या, मग शिफारस झाली. रत्नामध्ये साका होत नाही, हे फळे कापून पाहिल्यावाचून कोणालाही छातीवर हात ठेवून सांगता आले नसते.

साका म्हणजे काय हे कोकणात कोणाला सांगायला नको. हापूस वरून सोन्यासारखा दिसतो आणि कापला की आत पांढरट, आंबट. खेळाचेही तसेच आहे. करणाऱ्याला तो निर्दोषच वाटतो, कारण वाट त्याला पाठ असते. दुसऱ्याने हातात घेतला की आतला दोष बाहेर येतो.

मी त्या मुलाला विचारले, "तुझा खेळ घरातल्या कोणी खेळून पाहिला आहे का?" तो गप्प राहिला. आम्ही त्याच्या मामाला बोलावले. मामा रापणीवर जाणारा माणूस. अवकाशात इंजिन बंद केले तरी यान थांबत नाही, ते जात राहते आणि थांबवायला उलट जोर लावावा लागतो, हे शिकलेल्यांनाही चटकन उमगत नाही. मामा म्हणाला, "व्हल्या मारूचा थांबवला तरी होडी सरकताच मां! हय पाणी नाय, म्हणान ती थांबणाच नाय." पाच मिनिटांत यान त्याने वळवून दाखवले. पण पडद्यावरच्या इंग्रजी सूचनांपाशी तो अडला, आणि कुठले बटण दाबायचे ते न कळल्याने यान तीनदा ग्रहावर आपटले. मुलगा वहीत लिहीत होता. दोन वर्षांत न दिसलेल्या सात चुका त्याला अर्ध्या तासात सापडल्या. आपण शेतावर प्रात्यक्षिक प्लॉट घेतो तो याचसाठी.

घाईने काय होते त्याचे उदाहरण इंग्लंडात घडले आहे. गिल्डफर्ड गावी हॅलो गेम्स ही लहानशी कंपनी. तिने डिसेंबर २०१३ मध्ये 'नो मॅन्स स्काय' हा अवकाशाचा खेळ करीत असल्याचे जाहीर केले. त्यात ग्रह किती, तर १८ वर अठरा शून्ये लिहावीत त्याहूनही अधिक. इतके ग्रह हाताने कोण रंगवणार? त्यांनी एक आकडा आणि काही सूत्रे घेतली, आणि त्यांतून डोंगर, झाडे, प्राणी संगणकाने उगवले. त्या पहिल्या आकड्याला संगणकवाले 'सीड' म्हणजे बीच म्हणतात. बाठ्यात जसे सारे झाड असते, तसे त्या आकड्यात सारे जग.

जाहीर केल्यावर काही दिवसांतच, नाताळच्या आदल्या दिवशी, पुराचे पाणी त्यांच्या कचेरीत शिरले आणि यंत्रे गेली. तरी ते उभे राहिले. खेळ जून २०१६ मध्ये येणार होता, तो ऑगस्टवर गेला, तेव्हा प्रमुख शॉन मरे यांना जिवे मारण्याच्या धमक्यासुद्धा आल्या. खेळ आला आणि खपलाही खूप. पण अनेकांनी एकत्र खेळण्यासारख्या ज्या गोष्टी बोलण्यातून लोकांच्या मनात भरल्या होत्या, त्या त्यात नव्हत्या. लोक खवळले. जाहिरातींविरुद्ध तक्रारी गेल्या, चौकशी झाली. चौकशीत कंपनी सुटली, पण बाजारात पत गेली ती गेलीच. पुढे त्या माणसांनी तोंड बंद ठेवून काम केले आणि वर्षानुवर्षे सुधारणा फुकट दिल्या. सगळ्यांनी मिळून नीट खेळायची सोय जुलै २०१८ मध्ये आली. गेलेली पत त्यांनी परत मिळवली, पण त्यांच्या गाठीला पहिल्या खपाचा पैसा होता. आपल्या एकट्या पोराजवळ तो कुठून येणार?

मग अपुरा खेळ विकूच नये का? तसेही नाही. मोहोरावर बागेचा सौदा आपणही करतोच. मात्र घेणाऱ्याला ठाऊक असते की आपण मोहोर घेतो आहोत, आंबा नव्हे. मेक्सिको शहरात फेलिपे फालांघे या तरुणाने २०११ साली 'केर्बल स्पेस प्रोग्राम' हा अग्निबाण बांधायचा खेळ सुरू केला. जून २०११ मध्ये पहिला कच्चा नमुना लोकांना दिला, पुढे खेळ घडत असतानाच विकला, आणि पूर्ण तयार खेळ एप्रिल २०१५ मध्ये आला. चार वर्षे लोक चुका सांगत गेले, हे दुरुस्त करीत गेले. अमेरिकेच्या नासा संस्थेनेही त्यांच्याशी सहकार्य केले. कच्चा माल कच्चा म्हणून विकला, म्हणून कोणी फसल्यासारखे वाटले नाही.

आपल्या पुण्याचेही उदाहरण आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी 'राजी' नावाचा खेळ केला. तो अवकाशाचा नाही, राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीचा आहे. २०१७ साली त्यांनी लोकांकडून आगाऊ पैसे मागितले, पण ठरलेली रक्कम जमली नाही, त्यामुळे काहीच मिळाले नाही. संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी आपला फ्लॅट विकला. पुढे मदत मिळाली, खेळ २०२० साली आला आणि त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स' या जगातल्या मोठ्या पारितोषिकांत पदार्पणाच्या उत्तम खेळासाठी त्याला नामांकन मिळाले. अभिमानाची गोष्ट आहे. पण मंडळी, घर विकून जिंकलेल्यांची गोष्ट छापली जाते. घर विकून बसलेल्यांची कोण छापणार? आणि फ्लॅट पुन्हा घेता येतो, आजोबांनी लावलेले कलम पुन्हा घेता येत नाही.

बाजाराचा हिशोबही आम्ही मांडला. संगणकावरच्या खेळांची मोठी पेठ म्हणजे 'स्टीम'. तिथे खेळ ठेवायला शंभर डॉलर भरावे लागतात. पुढे विकलेल्या दर शंभर रुपयांतले तीस पेठ ठेवून घेते. वाशीची आडत यापुढे स्वस्त वाटावी. विकत घेतल्यापासून चौदा दिवसांत, आणि दोन तासांहून कमी खेळला असेल, तर गिऱ्हाईक खेळ परत करून पैसे मागू शकते. म्हणजे साका निघाला तर पेटी परत! त्या पेठेत २०२४ या एका वर्षात अठरा हजारांहून अधिक नवे खेळ आले. एवढ्या गर्दीत जाहिरातीला चार पैसे टाकले म्हणून खेळ उठेल, असे समजू नये. खेळाचे पान मात्र आधीपासून उघडून ठेवता येते. आवडला तर लोक तो आपल्या यादीत टाकून ठेवतात आणि खेळ आला की त्यांना निरोप जातो. हे पान उघडून महिनोन्‌महिने ठेवण्याला वेगळा खर्च नाही.

कराराविषयी मी स्पष्ट बोललो. बाग कराराने घेणारे सगळेच वाईट नसतात. पण तीन वर्षांत जमेल तेवढे काढायचे म्हणून कोणी कल्टारची मात्रा वाढवली, खत-शेणाकडे पाहिले नाही, तर चौथ्या वर्षी झाडे थकलेली हाती येतात. खेळ चालला नाही तर एक खेळ गेला. बाग बसली तर घर बसले.

त्या घरात शेवटी ठरले ते असे. बाग कराराने द्यायची नाही. मुलाने घरून अर्धवेळ संगणकाचे काम धरायचे, आंब्याच्या हंगामात सकाळी बागेत, उरलेला वेळ खेळाला. चित्रकाराला आणि संगीतवाल्याला द्यायचे ते त्याच कमाईतून. सूचना मराठीतही द्यायच्या. खेळाचा छोटा भाग नमुना म्हणून फुकट ठेवायचा. ओळखीची नसलेली वीस माणसे कोणालाही न विचारता तो शेवटपर्यंत खेळली, की मगच तारीख जाहीर करायची. खेळात काय आहे आणि काय नाही, हे पानावर ठळक लिहायचे. आणि कामाची प्रत तीन ठिकाणी ठेवायची, त्यातली एक गावाबाहेर. मे २०२१ च्या तौक्ते वादळात किनाऱ्यावर कित्येक दिवस वीज नव्हती, हे आपण विसरलेलो नाही. बियाणे आपण एकाच कणगीत ठेवतो का?

आईने एकच गोष्ट विचारली, "गावात कोणी इचारल्यान, तर झील काय करता म्हणान सांगू?" मुलगा खाली पाहू लागला. वडील म्हणाले, "सांग, खेळ करता. पिकाक येळ लागता."

दिवाळी गेली. खेळ अजून आलेला नाही. नमुना मात्र पानावर आहे, तो खेळून लोक चुका कळवतात आणि वही भरत चालली आहे. खेळ चालेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. मोहोर पाहून पेट्यांचा आकडा सांगणारा माणूस तुम्ही तरी खरा मानता का?

तेव्हा घरात असे मूल असेल तर त्याला तीन प्रश्न विचारा. दुसऱ्या कोणी खेळून पाहिला का? लोकांना कबूल केलेले सगळे आज त्यात आहे का? आणि बुडाले तर काय बुडेल? पहिल्या दोहोंचे उत्तर 'हो' आणि तिसऱ्याचे 'माझी मेहनत, पण जमीन नाही' असे आले, तर त्याच्या पाठीवर हात ठेवा. हापूस चौदा आणे तयार झाल्यावर उतरवतो, कारण कोवळा उतरवलेला आढीत सुरकुततो आणि झाडावर पिकू दिलेला वाटेतच नासतो. सोळा आण्यांची वाट पाहत पोराने दहा वर्षे घालवू नयेत, आणि आठ आण्यांवर झेलाही लावू नये. एका संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर त्याच्याजवळ बसा आणि तो खेळ हातात घेऊन बघा. यान आपटेल. आपटू द्या. त्याच्या वहीत एक ओळ वाढेल.