नावाचा भरवसा

१८ नोव्हेंबर २०१९
दुकान उघडायच्या आधीच प्रेसवाले काका दारात. हातात सीपीयू. लग्नपत्रिकांची एकही फाइल उघडत नाही, सगळ्यांना भलतंच एक्स्टेन्शन लागलंय. तुळशीची लग्नं झाली, सीझन तोंडावर. प्रत्येक फोल्डरमध्ये चिठ्ठी: ९८० डॉलर भरा, ७२ तासांत संपर्क केलात तर ४९०. निम्मे म्हटले तरी पस्तीस हजारांच्या घरात.
स्टॉप-डीजेव्हीयू. फायली ओलीस धरून पैसे मागणारा व्हायरस.

रात्री
काकांचा मुलगा शेवटी बोलला. कोरल ह्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा क्रॅक टोरंटवरून घेतला. अँटिव्हायरस बंद करा असं लिहिलं होतं, त्याने केला. मग विंडोज अपडेटची खिडकी आली. ती खोटी. मागे फायलींना कुलूप लागत होतं.
"नाव खात्रीचं होतं, दादा. नेहमी ह्याचंच घेतो."

१९ नोव्हेंबर
तो क्रॅक चढवणाऱ्या अपलोडरचं पान पाहिलं. जुनं खातं, ढीगभर फायली, खाली आभारच आभार. पायरेट बे ह्या टोरंट साइटवर अशा नावांपुढे कवटीचं चिन्ह असतं: गुलाबी म्हणजे विश्वासू, हिरवी म्हणजे व्हीआयपी. ते माणसाच्या आजवरच्या वागण्याला मिळतं. आजची फाइल कोण तपासतं? आभार मानणारे इन्स्टॉल होताच लिहून मोकळे होतात. महिन्याने परत कोण येतं?

२० नोव्हेंबर
मुलगा म्हणतो, हॅश जुळतोय. जुळणारच. अपलोडरने चढवली तीच फाइल आली, एवढंच हॅश सांगतो. आत काय भरलंय ते सांगत नाही.

२१ नोव्हेंबर
एम्सिसॉफ्टचं मोफत डिक्रिप्टर लावलं. गेल्याच महिन्यात आलंय, १४८ प्रकारांवर चालतं. चिठ्ठीतल्या आयडीच्या शेवटी 'टी१' असलं तर ऑफलाइन की, म्हणजे अनेकांना एकच किल्ली, मग थोडी आशा. काकांच्या आयडीत ते नाही.
त्यांना सांगायचं जिवावर आलंय.

२२ नोव्हेंबर
सांगितलं. काही बोलले नाहीत. चहा तसाच राहिला.

२३ नोव्हेंबर
झोप नाही. अ‍ॅक्सो आठवला. सिनेमे चढवणारं केवढं मोठं नाव. २००९ मध्ये गप्प झाला. त्याच्या नावाने खोट्या फायली किती फिरल्या. तसंच दुसरं नाव यिफी, २०१५ मध्ये बंद पडलं, ते नाव आज दुसरेच वापरतात. इथे खातं विकलं, चोरीला गेलं, की तोच उलटला? विचारायचं कुणाला?

२४ नोव्हेंबर
मोठे व्हिडिओ थोडे वाचतील. हा व्हायरस फाइलचे सुरुवातीचे दीडेकशे केबीच कुलूपबंद करतो. पत्रिकेची फाइल असतेच केवढी! बॅकअपची डिस्क जोडलेलीच होती. तीही गेली.

२६ नोव्हेंबर
पासवर्ड चोरणारा अझोरुल्टही ह्याच्यासोबत येतो. बँक, मेल, सगळे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलून घेतले.

२८ नोव्हेंबर
मुलगा जुन्या छापील पत्रिका स्कॅन करून ट्रेस करतोय. मागे एकदा मुहूर्ताची वेळ चुकीची छापली गेली होती. काकांनी सगळ्या पत्रिका पदरमोड करून पुन्हा छापून दिल्या. गिऱ्हाइकाला दार माहीत होतं. काकांना कुणाचं दार ठोठावता येणार?

२ डिसेंबर
मशीन फॉरमॅट करून दिलं. काका कोरलचं लायसन्स घेणार आहेत. तोवर मोफतचं इंकस्केप.
ज्याला जाब विचारता येत नाही, त्याचं नाव कितीही मोठं असो, त्याच्या भरवशावर धंदा ठेवू नये. अँटिव्हायरस बंद करायला सांगणारी फाइल उघडू नका. बॅकअप झाला की डिस्क काढून कपाटात ठेवा.