फाईल ७५ वर्षे, तक्रार मात्र एकच वर्ष?

इंग्लंडमध्ये आईबापांपासून दूर, स्थानिक कौन्सिलच्या देखभालीत वाढलेल्या मुलाची फाईल त्याच्या वयाच्या ७५ वर्षांपर्यंत जपून ठेवावी लागते. पण त्या देखभालीत अन्याय झाला, अशी तक्रार करायची तर २००६ च्या नियमांनुसार मुदत एक वर्षाची. आधी तक्रार करणे शक्य नव्हते आणि आजही नीट चौकशी होऊ शकते, असे वाटले तर उशिराची तक्रार घेता येते. हे ठरवते कोण? जिच्याविरुद्ध तक्रार आहे, तीच कौन्सिल!

मित्रहो, ही गोष्ट आम्हाला परकी वाटत नाही. आम्ही वसतिगृहात वाढलेली पोरं. जातीवरून टोमणे खाल्ले, मार खाल्ला. सांगणार कुणाला? जेवण, खोली, अर्जावरची सही, सगळं गृहपालाच्या हातात. घरी सांगितलं तर बाप म्हणायचा, "सहन कर, पण शाळा सोडू नको." त्याचंही चुकत नव्हतं. जे घडलं तो अन्याय होता, हे ठामपणे म्हणायला आम्हाला चळवळ भेटावी लागली. तोवर तिशी आली होती.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो? मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३ चे कलम ३६(२) सांगते की घटनेला एक वर्ष उलटले की आयोगाने चौकशी करायची नाही. म्हणजे दहा वर्षांच्या पोराने अकरावं लागायच्या आत आयोगाचं दार ठोठवायचं! गंभीर गुन्ह्यांसाठी पोलिसांचा मार्ग उरतो. पण रोजचा अपमान, उपासमार, दुर्लक्ष यांचा जाब कुठे विचारायचा?

मुदतीच्या बाजूने बोलणारे म्हणतात, साक्षीदार पांगतात, आठवणी पुसट होतात, आरोप झालेल्यावर अन्याय होतो. मुद्दा खरा आहे. पण त्यावर उपाय काटेकोर चौकशी हा आहे, बंद दार नव्हे. दिवाणी दाव्यांसाठी मुदत अधिनियम, १९६३ चे कलम ६ अज्ञान मुलाची मुदत तो सज्ञान झाल्यावर मोजते. जमिनीच्या दाव्यात मुलाचं मूलपण कळतं, मग मानवी हक्काच्या तक्रारीत का कळू नये?

बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह उघडले. वसतिगृह ही आपल्या शिक्षणाची पायरी आहे. म्हणूनच तिथल्या अन्यायावर बोलणं म्हणजे वसतिगृहाची बदनामी नव्हे, तर त्याची राखण आहे.

आमची मागणी साधी आहे. मुलांच्या तक्रारीची मुदत ती सज्ञान होण्याआधी सुरू होऊ नये. त्यानंतरही उशिराचं कारण ऐकून घ्यावं, आणि ते ऐकणारा त्या संस्थेबाहेरचा असावा. वसतिगृहाचे हजेरीपट आणि तक्रारवह्या नष्ट करू नयेत. आज वसतिगृहात असलेल्या भावाबहिणींनो, जे घडतंय ते तारखेसह लिहून ठेवा. उद्या कुणी पुरावा मागितला, तर तीच वही पुढे करता येईल.

जय भीम!