दोष कोणाचा?

मुळशीच्या ऐन पावसाळ्यात आमच्या घरचा संगणक काम करता करता एकाएकी बंद पडू लागला. कधी पडदा निळा होई, कधी तो आपोआप पुन्हा सुरू होई. मुळशी धरणाच्या पाण्यावर भिऱ्याला वीज होते, पण गावची वीज लहरी. म्हणून प्रथम दोष तिला दिला. यूपीएस आणला, दुखणे तसेच. मग धाकट्या मुलाच्या खेळांवर संशय गेला. आम्ही त्याला संगणकाला हात लावण्यास मनाई केली. आठ दिवस तो घरात गप्प वावरला.

संगणक मात्र बंद पडतच राहिला. अखेर पंख्यावरची धूळ काढली, फरक नाही. मग मेमरीच्या दोन पट्ट्यांपैकी एकेकीवर तो चालवून पाहिला. एकीवर दिवसभर सुरळीत चालला, दुसरीवर तासाभरात बंद पडला. तिच्या नादुरुस्त कप्प्यात मजकूर गेला की घात होई, एरवी काहीच नाही. म्हणूनच बिघाडाला वेळकाळ नव्हता.

त्या रात्री रोझरीपूर्वी आम्ही मुलाची क्षमा मागितली. पापनिवेदनाआधी आत्मपरीक्षण करावे, असे आपण मुलांना शिकवतो. दुसऱ्यावर दोष ठेवण्याआधीही ते करावे, हे आम्ही विसरलो होतो.