शिडाची होडी, दोन माणसे आणि बिस्किट

कॅनडाचा पश्चिम किनारा नकाशात पाहिला की उंदराने कुरतडलेली भाकरी आठवते. व्हँकुव्हर शहरापासून उत्तरेला अलास्कापर्यंत जमीन आणि समुद्र एकमेकांत असे घुसले आहेत की बेट कुठले आणि मुख्य भूमी कुठली, हे बोट ठेवून सांगता येत नाही. खाड्या आपल्या कोकणातही आहेत. पण आपल्या खाडीला गाळ असतो, खाजण असते, ओहोटीला माणूस गुडघाभर चिखलातून तिसऱ्या काढतो. तिथल्या खाड्या हिमनद्यांनी खोदलेल्या. दोन्ही बाजूंनी डोंगर सरळ पाण्यात उतरतो आणि खाली तसाच शेकडो मीटर जात राहतो. बेटांच्या आडोशाने अलास्कापर्यंत जाणाऱ्या या जलमार्गाला 'इनसाइड पॅसेज' म्हणतात. उन्हाळ्यात मोठमोठी प्रवासी जहाजे त्यावरून जातात. त्यांच्या लाटांवर डुलत काही लहान होड्याही जातात, आणि त्यातल्या बऱ्याच होड्यांवर एक नवरा, एक बायको आणि एक कुत्रा असतो.

माझी लेक व्हँकुव्हर बेटावरच्या ननाइमो गावात राहते. तिचे शेजारी असेच एक जोडपे. ते आयुष्यभर बोटींची इंजिने दुरुस्त करत आले, त्या रुग्णालयात परिचारिका होत्या. दोघेही निवृत्त. दहा मीटर लांबीची शिडाची होडी आणि बारा वर्षांचा, तांबूस रंगाचा, एका कानाने बहिरा कुत्रा, नाव बिस्किट, एवढा त्यांचा संसार मे ते सप्टेंबर पाण्यावर असतो. गेल्या खेपेस मी लेकीकडे गेले तेव्हा त्यांनी बेला बेला गावापर्यंत सोबत येण्याचे निमंत्रण दिले. आमच्या घरातल्या तीन पिढ्यांचे पुरुष जहाजांवर गेले. आम्ही बायका मात्र दाभोळच्या धक्क्यावरून हात हलवण्यापुरत्याच दर्यावर्दी. मी लगेच हो म्हटले.

कुत्र्याचा प्रश्न होता, तो मी बोलायच्या आधीच त्यांनी सोडवला होता. होडीच्या मागच्या भागातली लहान खोली माझी. तिच्या दाराशी गुडघाभर उंचीची फळी बसवली आणि बिस्किटला तिच्या पलीकडे यायची मनाई केली. तोही रोज रात्री त्या फळीबाहेर पुढचे पाय पसरून झोपायचा. सूरह कहफमधल्या गुहेच्या उंबऱ्यावरचा कुत्रा लहानपणापासून ऐकलेला. त्याला जवळून पाहिल्यासारखे वाटले.

अशा प्रवासाचा खरा कप्तान कुत्रा असतो, हे मला दुसऱ्याच दिवशी कळले. होडी कुठे नांगरायची हे वाऱ्यावर ठरते, खोलीवर ठरते आणि कुत्र्याला उतरायला जागा आहे की नाही यावर ठरते. नाळेवर त्यांनी हिरव्या कृत्रिम गवताचा तुकडा बांधला होता, की त्याने तिथेच उरकावे. बारा वर्षांत त्याने त्या तुकड्याकडे पाहिलेले नाही. म्हणून सकाळ-संध्याकाळ, पाऊस असो वा धुके, रबरी डिंगी उतरवायची आणि त्याला किनाऱ्यावर न्यायचे. किनारा म्हणजे वाळू नव्हे. भरती-ओहोटीतला फरक उत्तरेकडे उधाणाला सात मीटरपर्यंत जातो. ओहोटीला खडकांची सात मीटर उंच निसरडी भिंत उघडी पडते, तिच्यावर धारदार शिंपले चिकटलेले. कुत्र्याच्या पंजाला एक चीर गेली की आठवडाभर लंगडणे. त्याच्या अंगात जीवरक्षक जाकीट, त्याला पाठीवर पिशवीसारखी मूठ. त्या मुठीने त्याला उचलून खडकावर ठेवायचे. ते वयस्कर गृहस्थ हे दिवसातून दोनदा करत. मी मोजले नाही, पण होडीवरच्या सगळ्या कामांत सर्वांत जास्त घाम याच कामाला गाळला जाई.

नांगर टाकण्याची पद्धतही वेगळी. खाडी इतकी खोल की मधोमध नांगर टेकतच नाही. मग अगदी काठाजवळ जायचे, नांगर सोडायचा आणि मागून एक लांब दोर नेऊन किनाऱ्यावरच्या देवदाराला बांधायचा. रात्री वारा फिरला तरी होडी गोल फिरून खडकावर जात नाही. झाडाला बांधलेली होडी पाहून मला गोठ्यातली म्हैस आठवली आणि मी मोठ्याने हसले. मराठीत समजावून सांगता आले नाही म्हणून ते विनोदाशिवायच राहिले.

वाऱ्याबद्दल एक सांगायला हवे. शिडाची होडी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फुगलेली शिडे येतात. प्रत्यक्षात त्या अरुंद पाण्यात वारा एक तर नसतो, नाही तर नेमका तोंडावर असतो. बहुतेक वेळ डिझेल इंजिनच चालते. खरा मालक पाण्याचा ओघ. व्हँकुव्हर बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये भरतीचे पाणी उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून, दोन्ही तोंडांनी शिरते आणि अरुंद जागी कोंडते. सेमूर नॅरोज या चिंचोळ्या वाटेत ओघाचा वेग १५ नॉटपर्यंत जातो. आमच्या होडीचा वेग सहा. म्हणजे चुकीच्या वेळी शिरले तर इंजिन पुढे ढकलत असताना होडी मागे जाणार, तीही भोवऱ्यांतून. भरती संपून ओहोटी लागण्याआधी पाणी काही मिनिटे स्तब्ध होते, तेवढ्यात निघायचे.

या वाटेच्या मध्यभागी पूर्वी पाण्याखाली दोन सुळक्यांचा एक खडक होता, रिपल रॉक. ओहोटीला त्याच्या माथ्यावर जेमतेम तीन मीटर पाणी. त्याने शंभराहून अधिक जीव घेतले. वरून तरंगत्या बोटीतून छिद्रे पाडून तो फोडण्याचे प्रयत्न ओघापुढे फसले. शेवटी शेजारच्या बेटावरून खाली विहीर खणली, समुद्रतळाखालून बोगदा नेला, खडकाच्या पोटात वर चढत जाऊन साधारण १,२७० टन स्फोटके भरली आणि ५ एप्रिल १९५८ रोजी त्याचा माथा उडवला. ते दृश्य कॅनडाच्या दूरचित्रवाणीवर थेट दाखवले होते. आमच्या यजमानांनी ते लहानपणी पाहिले नाही, कारण त्यांच्या घरी संचच नव्हता. हे ते अजून हळहळून सांगतात.

कुत्रा बाजूला बसलेला असल्यामुळे असेल, बाईंनी वाटेत मला या किनाऱ्यावरच्या जुन्या कुत्र्यांची गोष्ट सांगितली. दक्षिणेकडच्या सेलिश जमातींच्या स्त्रिया लोकरीसाठी कुत्री पाळत. दाट, पांढुरक्या केसांची. गावातल्या इतर कुत्र्यांशी संकर होऊ नये म्हणून त्यांना लहान बेटांवर वेगळे ठेवत, होडीतून खाणे नेऊन घालत, मेंढीसारखी कातरत आणि ती लोकर रानबकऱ्याच्या केसांत मिसळून घोंगड्या विणत. १७९२ मध्ये इंग्रज कप्तान जॉर्ज व्हँकुव्हर या पाण्यात आला, त्याने ही कातरलेली कुत्री पाहून नोंद केली आहे. पुढे गोऱ्यांबरोबर देवी आल्या, गावे ओस पडली, यंत्रावरची ब्लँकेटे आली, जुन्या चालीरीतींवर बंधने आली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही जात संपली. 'मटन' नावाच्या अशा एका कुत्र्याचे १८५९ सालचे कातडे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. २०२३ मध्ये संशोधकांनी त्यावरून या जातीचा वंश शोधला. लोकरीच्या कुत्र्याचे नाव मटन ठेवणाऱ्या माणसाच्या विनोदबुद्धीबद्दल मी काही बोलत नाही.

पोर्ट हार्डी सोडले की बेटांचा आडोसा संपतो. केप कॉशन, म्हणजे सावधगिरीचे भूशिर, ओलांडेपर्यंत अर्धा-पाऊण दिवस होडी उघड्या प्रशांत महासागराला तोंड देते. आम्ही तीन दिवस थांबलो. पहाटे चारला रेडिओ लावायचा. या प्रांतात अजूनही अनेक दीपगृहांवर माणसे राहतात, आणि ती समुद्र कसा दिसतो ते स्वतः पाहून सांगतात. चौथ्या पहाटे वारा पडला. वर निघालो तेव्हा धुके इतके की नाळ दिसेना. बाई पुढे उभ्या राहून तरंगणारे ओंडके शोधत होत्या. जंगलतोडीतले लाकूड पाणी पिऊन उभे तरंगते, टोक तेवढे वर. अशा ओंडक्यावर होडी आदळली तर तळाला भोक पडते.

आणि पाणी थंड. तिथे प्रत्येक खलाशाला एक हिशेब पाठ असतो : पाण्यात पडलात तर श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय काम करतात ती दहा मिनिटे, शुद्ध राहते तो एक तास. जाकीट असेल तर. मी रात्रीसुद्धा जाकीट काढले नाही.

मासळीवाल्या घरची असल्याने काठावरचे काळे शिणाणे पाहून माझ्या तोंडाला पाणी सुटले होते. बाईंनी स्पष्ट नाही म्हटले. व्हँकुव्हरच्याच मोहिमेत, जून १७९३ मध्ये, त्याच्या माणसांनी न्याहारीला शिणाणे भाजून खाल्ले. ओठ बधिर झाले, मग हातपाय. जॉन कार्टर नावाचा खलाशी त्याच दिवशी गेला. नकाशात पॉइझन कोव्ह आणि कार्टर बे ही नावे अजून आहेत. समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळाचे ते विष शिजवून जात नाही, चवीवरून कळत नाही.

माणसांना हे सांगून अडवता येते. बिस्किटला कोण सांगणार?

भूशिर ओलांडल्यावर दुसऱ्या दिवशी एका ओढ्याच्या मुखाशी उतरलो. ऑगस्टअखेर सामन मासे अंडी घालायला नद्यांत चढतात आणि घालून मरतात. काठावर मेलेल्या माशांचा खच होता. वाळूत लांडग्यांची पावले. हे किनाऱ्यावरचे लांडगे बेटांमधले पाणी पोहून जातात आणि सामनचे फक्त डोके खाऊन धड टाकून देतात. काही शास्त्रज्ञांचा कयास असा की माशाच्या धडातल्या कृमीपासून ते असे वाचतात. त्या कृमीबरोबर येणारे जंतू कोल्ह्या-कुत्र्यांच्या जातीला मारक असतात. बाई पावले बघायला वाकल्या, दोरी क्षणभर सैल पडली आणि बिस्किटने एक आख्खे धड गिळले. ओरडून उपयोग नव्हता, बहिरा कान नेमका आमच्याकडे होता.

आजार असेल तर साधारण आठवड्याने दिसतो. ताप, मग अन्न बंद, मग उलट्या-जुलाब. औषध दिले नाही तर बहुतेक कुत्री दगावतात. दिले तर बहुतेक वाचतात. औषध साधे, डॉक्सिसायक्लिन, निघतानाच पशुवैद्याने लिहून दिलेले. पण उगाच आधीपासून द्यायचे नाही, अशी त्यांची सूचना. तेव्हा आठवडाभर दोघे जण आळीपाळीने त्याचे पोट चाचपत, नाक बघत. रोजनिशीत वारा आणि खोली यांच्या शेजारी कुत्र्याचा ताप लिहिला जाई. पती-पत्नी एकमेकांशी कमी बोलू लागले. दोरी कोणाच्या हातात होती, हे कोणीच काढले नाही. चाळीस वर्षांच्या संसारातले हे शहाणपण मला त्या सगळ्या डोंगरांपेक्षा जास्त लक्षात राहिले.

बेला बेला हे हेल्टसुक लोकांचे गाव. धक्क्यावर एका वृद्ध मच्छिमाराने आमचा दोर घेतला. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये जवळच एक टगबोट खडकावर चढली आणि एक लाख लिटरहून जास्त डिझेल व वंगण सांडले. तिसऱ्या काढायच्या त्यांच्या जागा त्यात गेल्या. त्याबद्दल तो शांतपणे, हातांनी किनारा दाखवत बोलला. आपल्याकडच्या कुठल्याही बंदरावर असा एक म्हातारा भेटतोच.

सातव्या दिवशी बिस्किटने खाणे सोडले. ताप होता. हा तोच आजार की दुसरे काही, हे तपासायला तिथे सोय नव्हती. उपग्रह फोनवर पशुवैद्याशी बोलून बाईंनी पहिली गोळी लोण्यात गुंडाळून भरवली. रात्री तो माझ्या फळीपाशी आला नाही, म्हणून मीच फळी ओलांडून बाहेर बसले.

तिसऱ्या दिवशी माझे विमान होते. निघताना तो पाणी पीत होता, एवढेच. लेकीकडे पोचल्यावर पाच दिवसांनी निरोप आला : भात खाल्ला, शेपूट हलवली, अलास्काचा बेत रद्द, दक्षिणेला परततो आहोत, केप कॉशनसाठी पोर्ट हार्डीच्या उत्तरेला वाऱ्याची वाट बघत थांबलो आहोत. खाली एक ओळ होती, की दोरी आता दुहेरी केली आहे.