उतारवयातली सायकल

मैत्रिणींनो, गेल्या वर्षभरात मी सायकलवरून नऊ वेळा पडले. त्यातली तीनदा माणसांसमोर, एकदा गाईसमोर, आणि एकदा तर सायकल जागची हललीसुद्धा नव्हती. बावन्नाव्या वर्षी ही मोजदाद सांगायची म्हणजे लाज वाटते खरी; पण पाक बिघडला, लोणच्याला बुरशी आली, हे आपण एकमेकींना सांगतोच ना? मग हेच कशाला झाकून ठेवायचं?

आधी मागची गोष्ट सांगते. माझं माहेर पालघरचं. १९८५ साली मी तेरा वर्षांची होते. तेव्हा तासाच्या भाड्यानं सायकल मिळायची. दांड्याखालून पाय घालून, अर्धं अर्धं पेडल मारत आम्ही भावंडं शिकत होतो. एका संध्याकाळी भर बाजारात मी केळ्यांच्या हातगाडीवर जाऊन आदळले. परकर फाटला, गुडघे फुटले, आणि सगळा बाजार हसला. घरी आल्यावर निकाल लागला, “पुरे झालं आता. मोठी झालीस.” त्याच महिन्यात माझा भाऊ दोनदा पडला. त्याला मात्र आयोडीन लावून परत पाठवलं!

त्यानंतर थेट एकोणचाळीस वर्षांनी माझा हात हँडलला लागला. मुलगा आणि सून पुण्याला नोकरीला गेली आणि सुनेची गिअरची सायकल आमच्या डहाणूच्या घरी ओट्यावर राहिली. “आई, गंजण्यापेक्षा तुम्हीच चालवा,” ती सहज म्हणाली. मी हसण्यावारी नेलं, पण रोज ओटा झाडताना सायकलही पुसू लागले. शेवटी एका पहाटे बाहेर काढलीच.

आमचे हे बँकेतून निवृत्त झालेले. झोपाळ्यावर पेपर घेऊन बसलेले. “हँडल सरळ धर. समोर बघ. तोल सांभाळ,” अशा सूचना तिथूनच चालू. शेजारच्या दोघीजणी दूध घ्यायला फाटकाशी उभ्या. मी ऐटीत टांग टाकली, जोर लावला, आणि सायकलसकट तुळशीवृंदावनाशेजारी आडवी झाले. मागच्या चाकाचं कुलूप काढायचंच राहिलं होतं! “किल्ली हवी होती का?” असं ह्यांनी झोपाळ्यावरून विचारलं, तेव्हा मला काय वाटलं असेल ते तुम्हाला सांगायला नकोच.

पुढच्या आठवड्यात हेल्मेट घालून फोटो काढला आणि मोठ्या कौतुकानं घरच्या व्हॉट्सॲपवर टाकला. सगळ्यांनी वाहवा केली. सुनेनं मात्र हळूच वेगळा निरोप पाठवला, “आई, छान दिसताय. फक्त हेल्मेट उलटं आहे.” पोरीनं चारचौघांत सांगितलं नाही, ह्याबद्दल तिला पुढच्या खेपेला पुरणपोळ्या करून घातल्या.

गाईची गोष्ट नरपडच्या रस्त्यावरची. ती आडवी आली, मी घाबरून उजव्या हाताचा ब्रेक करकचून दाबला. माझ्या सायकलीला तो पुढच्या चाकाचा. पुढचं चाक एकदम थांबलं की अंगाचा सगळा भार पुढे जातो आणि मागचं चाक उचललं जातं, हे ज्ञान मला हवेत असताना झालं. गाय रवंथ करत बघत राहिली. आता दोन्ही ब्रेक बरोबर आणि हळूहळू दाबते.

पण खरी फजिती केली ती वाऱ्यानं. डहाणूपासून बोर्डीपर्यंत नरपड, चिखले, घोलवड असा समुद्राच्या कडेकडेनं रस्ता आहे. सुरूची झाडं, चिकूच्या वाड्या, सपाट रस्ता. सोळा-सतरा किलोमीटर. मे महिन्याच्या अखेरीला एकदा निघाले, तर सायकल नुसती पळत होती! मनात म्हटलं, काय ही आपली ताकद! इतकी वर्षं उगाच पोळ्या लाटण्यात घालवली. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले होते आणि त्यातले तिघे १९२८ साली प्रवास पुरा करून परतले, हे कुठेतरी वाचलेलं होतं. बोर्डीला उसाचा रस पिताना मला ते तिघे अगदी माझ्या बरोबरीचे वाटले.

परत फिरले आणि कळलं की ताकद माझी नव्हती. पावसाच्या आधी आमच्याकडे वारा नैर्ऋत्येकडून येतो. बोर्डी डहाणूच्या उत्तरेला. म्हणजे जाताना जो पाठीवर हात ठेवून ढकलत होता, तोच आता छातीवर हात ठेवून मागे लोटत होता. चिखल्याच्या अलीकडेच पाय सपशेल संपले. शेवटी चिकूच्या टेम्पोत, खोक्यांच्या मधे सायकल आणि सायकलीच्या मधे मी, अशी वरात घरी आली. तेव्हापासून नियम केला आहे की जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं आणि येताना त्याच्या पाठबळावर यायचं. संसारातही अवघड काम सकाळी आधी उरकावं म्हणतात, तसंच हे.

त्या दिवशी सायकल विकून टाकायचं जवळजवळ ठरलं होतं. पडण्याचं दुःख नव्हतं; टेम्पोतून उतरताना गल्ली हसली, ते लागलं. मी पुन्हा तेरा वर्षांची झाले होते.

मग एका रविवारी चहाच्या टपरीवर मुंबईचे सायकलवाले भेटले. चकचकीत कपडे, काळे चष्मे. त्यांचे बूट पेडलला अडकवलेले असतात. टाच बाहेर फिरवली की सुटतात. त्यातले एक गृहस्थ टपरीशी थांबले, टाच फिरवायला विसरले, आणि तोडलेल्या माडासारखे सावकाश, अगदी सावकाश, बाजूला कोसळले. बरोबरचे हसले. ते स्वतः तर पडल्या पडल्याच सगळ्यांत मोठ्यानं हसले आणि म्हणाले, “प्रत्येकजण एकदा तरी असा पडतोच, ताई. आज माझा नंबर.” मी बघतच राहिले. हसणारे तसेच होते, पडणंही तसंच होतं. पण त्यांना सायकल ठेवून द्यायला कुणी सांगितलं नव्हतं. मग मला तरी आता कोण सांगणार होतं? अमेरिकेत फ्रान्सेस विलर्ड नावाच्या समाजकार्यकर्तीनं त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकून १८९५ साली त्यावर पुस्तक लिहिलं होतं. म्हणजे मी तिच्याहून एका वर्षानं लहानच की!

सायकल विकली नाही. उलट थंडी पडल्यावर नणंदेकडे तलासरीला सायकलनं जायचं ठरवलं. समुद्र मागे टाकून पूर्वेला वळलं की चढउतार लागतात. एका चढावर नको तो गिअर पडला, करकर आवाज झाला, साखळी निसटली, आणि खाली वाकून बघते तर ओढणीचं टोक तिच्यात गुंतलेलं. मी ओढू लागले तशी ती आणखीच अडकली.

शाळेच्या गणवेशातल्या तीन मुली सायकलींवरून येत होत्या. आधी त्या पोट धरून हसल्या. मग त्यातली एक उतरली, मला ओढणी सोडायला लावली, पेडल हातानं हळूच उलटं फिरवलं, तशी ओढणी आपसूक बाहेर आली. एक काडी उचलून तिनं साखळी दातांवर बसवली. दोन मिनिटांचं काम. तिची सायकल शाळेतून मिळालेली होती. मानव विकास कार्यक्रमातून गरजू मुलींना शाळेत जायला अशा सायकली देतात. ह्याच तलासरी भागात १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली माणसं वेठबिगारीविरुद्ध उभी राहिली. आज तिथली पोर माझी सायकल दुरुस्त करून, हात फ्रॉकला न पुसता गवताला पुसत होती.

“तू कधी पडलीस का गं?” मी विचारलं. तिनं कोपर, गुडघा, हनुवटी अशा खुणा एकेक करून दाखवल्या, जशा आपण बांगड्या दाखवतो तशा. मग माझ्या सायकलीवर चक्कर मारू का, म्हणून विचारलं. गिअर कसे बदलायचे ते मी सांगितलं. तिनं माझ्यापेक्षा बरे बदलले.

जाता जाता कामाच्या दोन गोष्टी. ओढणी किंवा पदर नेहमी कमरेला घट्ट खोचा. अडकला तर ओढू नका, थांबून पेडल उलटं फिरवा. चाकात गुंतलेली ओढणी गळ्याला फास लावते, तिथे हसण्यासारखं काही नाही. आणि साखळीच्या वंगणाचा डाग पाण्यात भिजवण्याआधी त्यावर खोबरेल तेल चोळा, मग भांड्यांचा साबण लावून घासा आणि कोमट पाण्यानं धुवा.

तलासरीहून परतले त्या रात्री ह्यांना सगळी हकिकत सांगितली. हे हसले नाहीत. बराच वेळ झोपाळ्याच्या कड्या वाजत राहिल्या. मग म्हणाले, “अगं, एक सांगू? मला सायकल येत नाही.”

मी थक्क! तीस वर्षांच्या संसारात मला हे माहीत नव्हतं. लहानपणी एकदा पडले होते, मित्र हसले होते, पुन्हा हात लावला नाही. बँकेत कायम चालत गेले, “चालणं प्रकृतीला चांगलं” म्हणून.

आता रोज पहाटे सहाला, लोक उठायच्या आत, आम्ही समुद्रावर जातो. हे सायकलवर, आणि मी कॅरिअर धरून मागे धावते. “हँडल सरळ धरा. समोर बघा. तोल सांभाळा.” काल पहिल्यांदा मी हात सोडला. वीसेक पावलं गेले आणि वाळूत पडले.

मी आधी हसले. मग हेही हसले. आणि सायकल उचलून पुन्हा बसले.